दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन पॅराट्रूपरचा गणवेश: निवड, मापे आणि जुळणी

रिएनॅक्टमेंटसाठी, म्हणजे जुन्या लढायांचे प्रसंग हुबेहूब वेषात पुन्हा उभे करण्याच्या छंदासाठी, महायुद्धकालीन पॅराट्रूपरचा (पॅराशूटने, म्हणजे हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकाचा) गणवेश करायचे ठरले की बहुतेक जण त्याच संध्याकाळी जॅकेट शोधायला बसतात आणि तेथेच गणित चुकते. जॅकेटच्या आधी तारीख ठरवावी लागते आणि तारखेपाठोपाठ तुकडी. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत उतरलेला अमेरिकन सैनिक आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हॉलंडमध्ये उतरलेला सैनिक हे प्रत्यक्षात एकच असू शकतात, पण त्यांच्या अंगावरचे कपडे वेगळे आहेत, रंग वेगळा आहे आणि बऱ्याच अंशी खरेदीची यादीही वेगळी आहे. दोन्ही तारखा एकाच पोशाखात साधण्याच्या नादात जो मधलाच कुठला तरी वेष तयार होतो, तो जाणकाराला दहा पावलांवरून ओळखू येतो.

या लेखात मुख्यतः नॉर्मंडीच्या मोहिमेतील ८२व्या आणि १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचा (हवाई मार्गाने उतरणाऱ्या मोठ्या सैन्यदलाचा) सैनिक धरला आहे. त्या रात्री या दोन डिव्हिजनचे मिळून १३ हजारांहून अधिक सैनिक छत्रीने उतरले. त्यांची छायाचित्रे विपुल आहेत आणि त्यांच्या कपड्यांच्या प्रतिकृती आज सर्वांत सहज मिळतात, त्यामुळे नवख्या माणसाने सुरुवात येथूनच करणे शहाणपणाचे ठरते.

पैसे खर्च करण्यापूर्वी ज्या रिएनॅक्टमेंट गटाबरोबर उभे राहायचे आहे त्या गटाची नियमावली मागवून घ्यावी. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, नेदरलँड्समध्ये किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला असे गट शोधणे अवघड नाही, आणि नवा सदस्य कोठला आहे यापेक्षा त्याचे बूट कसे आहेत यातच त्यांना जास्त रस असतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कोणत्या बनावटीचे जॅकेट चालते, कोणते चालत नाही, दाढीबाबत नियम काय, पहिल्या वर्षी कोणत्या वस्तू गटाकडून उसन्या मिळतात, हे सारे त्या नियमावलीत असते. उसने घेण्यात कमीपणा अजिबात नाही. उलट एक-दोन कार्यक्रम उसन्या साहित्यावर काढले, तर आपल्याला छातीचे कोणते माप लागते आणि हेल्मेट दिवसभर सोसते की नाही, हे फुकटात कळते.

जॅकेट आणि पँट

नॉर्मंडीसाठी लागतो तो एम-१९४२ जम्प सूट. हौशी मंडळी त्याला नुसते ‘एम-४२’ म्हणतात. त्याच्या रचनेमागे विल्यम यारबरो हा अधिकारी होता. अमेरिकन पॅराट्रूपरच्या छातीवरचे पंखांचे चिन्हही त्याचेच. कापड घट्ट विणीचे सुती, रंग हिरवा नव्हे तर मातकट खाकी. जॅकेटला पुढे चार मोठे खिसे असतात आणि ते तिरके लावलेले असतात, कारण छातीवर छत्रीचे पट्टे आवळलेले असतानाही हात आत जाणे आवश्यक होते. प्रत्येक खिशाच्या झाकणावर दोन प्रेस बटणे, पुढे धातूची चेन, कमरेला त्याच कापडाचा पट्टा आणि पाठीवर खांद्यांच्या मागे खोल चुण्या, म्हणजे हात वर ताणले तरी कापड तटतटू नये. गळ्यापाशी, चेनच्या जरा वर, एक छोटासा कप्पा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी चेन असते. उतरल्यावर छत्रीच्या दोऱ्या कापण्यासाठी लागणारा खटक्याचा चाकू त्यात ठेवत, आणि कप्पा डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने उघडता यावा म्हणून ही व्यवस्था होती.

प्रतिकृती तपासताना हाच कप्पा आधी पाहावा. स्वस्त मालात येथे एकच चेन असते किंवा चेन प्लास्टिकच्या दातांची असते. त्यानंतर खिशांचा तिरकेपणा पाहावा. अनेक कारखाने चारही खिसे जवळजवळ सरळ लावतात, कारण सरळ खिसा शिवायला सोपा. रंगाबाबत मात्र विक्रेत्याच्या छायाचित्रावर विसंबू नये. संगणकाच्या पडद्यावर खाकी, पिवळा आणि मेंदीसारखा हिरवा हे तिन्ही एकसारखेच दिसू शकतात. शक्य असेल तर कापडाचा तुकडा मागवावा, नाहीतर ज्याच्याकडे तो सूट आहे त्याच्याकडून सावलीत काढलेले छायाचित्र मागवावे. पांढरा कागद शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र सर्वांत विश्वासार्ह.

मापाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नॉर्मंडीत या सुती सुटाच्या आत लोकरी शर्ट आणि लोकरी पँट घातलेली होती. इंग्लिश खाडीवरची जूनमधली रात्र उबदार नसते. त्यामुळे छातीचे माप बनियनवर न घेता लोकरी शर्टावर घ्यावे आणि त्यात श्वासापुरती जागा सोडावी. दुसरे म्हणजे त्या काळची पँट बेंबीच्या रेषेत बसत असे. आजची जीन्स नितंबाच्या हाडावर बसते आणि तिच्यावरचा कमरेचा आकडा येथे काहीच कामाचा नाही. टेप बेंबीवरून फिरवावी, येईल तो आकडा मान्य करावा आणि त्याच आकड्याची पँट मागवावी. पँट खाली बसली की मांडीवरचे मोठे खिसे गुडघ्यापाशी लोंबतात, आणि मग सगळा पोशाख कितीही महागाचा असला तरी माणूस ढगळ दिसतो. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, हेही विसरू नये; विक्रेता कापड आधी आटवून शिवतो की नाही, ते विचारून घ्यावे.

हा सूट आला तसा घातला तर तो नॉर्मंडीचा होत नाही, सिसिलीचा होतो. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरताना लक्षात आले की कोपर, गुडघे आणि खिशांचे कोपरे लगेच फाटतात. म्हणून १९४४च्या उड्डाणापूर्वी छत्र्यांची देखभाल करणाऱ्या रिगर लोकांनी त्यांच्या शिलाई यंत्रांवर कोपरांना, गुडघ्यांना आणि खिशांना कॅनव्हासची ठिगळे लावली, आणि मांडीवरच्या खिशांतला ऐवज हिसक्याने उडू नये म्हणून मांडीभोवती आवळायच्या नाड्या शिवल्या. खाकी कापडावर गर्द हिरव्या कॅनव्हासची ती ठिगळे हीच नॉर्मंडीच्या सुटाची खरी ओळख. काही विक्रेते ठिगळांसह तयार सूट विकतात. तरी साधा सूट घेऊन ठिगळे आपण लावून घेणे मला जास्त पसंत आहे, कारण मूळचे कामही हातघाईचे आणि प्रत्येक सुटावर थोडे वेगळे होते.

हे काम चपला-पिशव्या शिवणाऱ्या किंवा ताडपत्रीचे काम करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. शर्ट-पँट शिवणाऱ्या शिंप्याची सुई कॅनव्हासच्या चार थरांत मोडते. जुन्या तंबूचे सुती कॅनव्हास मिळवावे, नायलॉनचे मिश्रण असलेले नको. जाड सुती दोरा आणि १८ नंबरची सुई पुरेशी होते. खुणा करताना जॅकेट अंगात घालावे, आतला लोकरी शर्टही घालावा, कोपर काटकोनात वाकवावे आणि मग हाडाच्या टोकावर खडूने फुली मारावी. टेबलावर बाही सपाट पसरून केलेली खूण हात वाकवल्यावर आपल्या जागेवर राहत नाही आणि ठिगळ हाडावर न येता भलतीकडेच जाते. ठिगळाच्या कडा आत दुमडून दोन ओळींची टीप मारावी. बाहीच्या नळीत यंत्राचा हात शिरत नसेल, तर काखेखालची शिवण कोपरापर्यंत उसवून, ठिगळ लावून ती पुन्हा मारावी लागते. गुडघ्याचेही तसेच, फक्त तेथे खुर्चीवर बसून खूण करावी. कारागीर सवयीने टीप फार नेटकी मारील. ती जरा तिरपी गेली तर उसवायला सांगू नये.

मूळ सुटांना विषारी वायूपासून बचावासाठी एक रसायन चढवलेले होते. त्याने कपडे ताठ आणि चिकट झाले, त्यांना वास येत असे आणि सैनिक त्यांना कंटाळले होते. काही उत्साही मंडळी तो ताठपणा आणण्यासाठी मेण किंवा तेल चोळतात. तसे करू नये. कापड डागाळते, धुता येत नाही आणि दिसतेही खोटे.

सप्टेंबरचा पर्याय

ज्यांना हॉलंड किंवा त्यानंतरचा बेल्जियममधील बास्तोनचा हिवाळा करायचा आहे, त्यांनी एम-१९४२ च्या वाटेलाच जाऊ नये. हॉलंडमधल्या त्या सप्टेंबरच्या, म्हणजे मार्केट गार्डन मोहिमेपर्यंत या डिव्हिजनना एम-१९४३ फील्ड जॅकेट मिळालेले होते. ते गर्द हिरवे, लपवलेल्या बटणांचे आणि आतून कमरेला नाडी असलेले. पँटही हिरवी, पण पायदळाच्या पँटला मांडीवर खिसे नसल्याने रिगर लोकांनी तेथे कॅनव्हासचे मोठे खिसे जोडले. हा संच घालायला अधिक सोपा आणि थंड प्रदेशात अधिक उपयोगी. नोव्हेंबरमधल्या कार्यक्रमाला तोच बरा. रुबाब मात्र खाकी सुटाचाच.

बूट

बुटांवर काटकसर करू नये. बाकी सर्व वस्तू पुढेमागे बदलता येतात, पण दिवसभर ओल्या गवतात उभे राहणाऱ्याला पहिल्या तासातच चुकीच्या बुटांची किंमत कळते. जम्प बूट उंच, पुढे वेगळी टोपी शिवलेले आणि लालसर तपकिरी रंगाचे असतात. त्यांच्या टाचेची पुढची कड सरळ उभी न कापता तिरपी कापलेली असते, म्हणजे ती दोरीत किंवा विमानाच्या दारात अडकू नये. कोणताही जम्प बूट हातात आला की आधी उलटा करून ही टाच पाहावी. मॅसॅच्युसेट्समधील कॉर्कोरन हे नाव युद्धकाळापासून या बुटांशी जोडलेले आहे आणि त्या नावाचे बूट अजूनही मिळतात. मात्र आजचा सर्वसामान्य काळा बूट हा १९५०च्या दशकानंतरच्या सैन्याचा आहे. काळ्या बुटावर तपकिरी पॉलिश चढवून काम भागत नाही.

मापाच्या अंकाबरोबर रुंदीचे अक्षरही विचारून घ्यावे. आपल्याकडे लहानपण अनवाणी किंवा चपलांत गेलेल्या माणसाचा पाय पंजाशी रुंद असतो, आणि अमेरिकन साचा तेथे अरुंद भरतो. जाड लोकरी मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना माप घ्यावे. नवे बूट थेट कार्यक्रमाला नेऊ नयेत. रोज तासभर घरात आणि मग रस्त्यावर घालून ते पायाला वळवावेत, घोट्यापाशी जेथे चामडे मुडपते तेथे तेल द्यावे. पँटचे पाय बुटात खोचून वर थोडा फुगा ठेवायचा असतो. फुगा फार मोठा ठेवला की माणूस संचलनाला निघाल्यासारखा वाटतो, लढाईला नव्हे.

हेल्मेट

एम-४२ नंतर सर्वाधिक गोंधळ हेल्मेटमध्ये होतो. नॉर्मंडीसाठी एम-२ हवे. साध्या एम-१ पासून ते दोन ठिकाणी वेगळे. बाहेरच्या पोलादी टोपाला हनुवटीचा पट्टा ज्या कडीत अडकतो, ती कडी इंग्रजी ‘डी’च्या आकाराची आणि पक्की डाखलेली असते. ती सहज तुटत असे, म्हणून नंतरच्या एम-१सी मध्ये हलती कडी आली. पण एम-१सी १९४५ मध्ये सैनिकांपर्यंत पोहोचले, म्हणजे ते मार्च १९४५ मधल्या ऱ्हाईनपारच्या उडीसाठी ठीक, नॉर्मंडीसाठी नाही. दुसरा फरक आतल्या टोपात, म्हणजे लायनरमध्ये. त्याला दोन्ही बाजूंना उलट्या ‘ए’च्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून हनुवटीचा कप असलेला पट्टा जातो. बाहेरच्या टोपाच्या पट्ट्याला एक प्रेस बटण असते, ते लायनरच्या आतल्या बटणात अडकते. छत्री उघडतानाच्या झटक्याने बाहेरचा टोप उडून जाऊ नये, यासाठी ही युक्ती. प्रतिकृती घेतल्यावर हे बटण खरोखर बसते का ते पाहावे, कारण पुष्कळदा ते केवळ शोभेचे असते.

बाजारात युद्धोत्तर एम-१ हेल्मेटे मुबलक आहेत आणि त्यांचे रूपांतर करून एम-२ विकले जाते. त्यात गैर काही नाही, पण काय घेतो आहोत ते ठाऊक असावे. टोपाच्या कडेभोवती पोलादाची पट्टी फिरवलेली असते. तिचा जोड १९४४च्या शरद ऋतूपर्यंत समोर, भुवयांच्या वर येत असे, त्यानंतर मागे गेला. जोड मागे असेल तर ते हेल्मेट नॉर्मंडीत असूच शकत नाही. युद्धकालीन रंगात खडबडीतपणासाठी कॉर्कचा भुगा मिसळत, नंतरच्या काळात वाळू वापरली गेली. बोटाचे टोक फिरवून हा फरक कळतो. हनुवटीचा पट्टा कडीला शिवलेला असावा, धातूच्या क्लिपने लावलेला नसावा. आणि समोर जोड असलेला अस्सल युद्धकालीन टोप चांगल्या स्थितीत हाती लागलाच, तर त्याच्या कड्या कापून त्यावर नव्या डाखण्याचा मोह आवरावा. अस्सल एम-२ दुर्मीळ, महाग आणि बनावटगिरीने ग्रासलेले आहे. रिएनॅक्टमेंटसाठी त्याची गरजही नाही.

१०१व्या डिव्हिजनच्या हेल्मेटांवर पत्त्यांच्या कॅटातली चिन्हे पांढऱ्या रंगात काढलेली असत. ५०६व्या रेजिमेंटचे इस्पिक, ५०२व्याचे बदाम, ५०१व्याचे चौकट आणि ग्लायडरने (इंजिन नसलेल्या विमानाने) उतरणाऱ्या ३२७व्याचे किलवर. चिन्हाभोवतीच्या छोट्या रेघेवरून बटालियन कळे: घड्याळातल्या तीनच्या जागी रेघ असेल तर पहिली, सहाच्या जागी दुसरी, नऊच्या जागी तिसरी आणि बाराच्या जागी मुख्यालय. चिन्ह छापील स्टिकरने लावू नये. साचा कापून, बोथट ब्रशने, जवळजवळ कोरड्या रंगाने काढावे. त्यावर जाळी बसते आणि जाळीला पुढे किंवा मागे प्रथमोपचाराचे छोटे पुडके बांधलेले असते.

पट्टे, पिशव्या आणि बाकीचा भार

कॅनव्हासच्या पट्ट्यांना आणि पिशव्यांना वेबिंग म्हणतात. त्यांचा नियम सोपा आहे. सुरुवातीचा रंग फिकट खाकी, त्याला ओडी-३ (ओडी म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब) म्हणतात. पुढे गर्द हिरवा ओडी-७ आला. नॉर्मंडीपर्यंत बहुतांश सामान फिकट होते, मध्येमध्ये एखादी हिरवी वस्तू चालते, मात्र नखशिखान्त हिरवे वेबिंग १९४५चे किंवा कोरियन युद्धाचे वाटते. बहुतेक अस्सल वस्तूंवर कारखान्याचे नाव आणि वर्ष शिक्क्याने छापलेले असते. प्रतिकृतीवरही असा शिक्का असतो. त्यावर १९४५ असेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी जूनमधल्या सैनिकाला नको.

किमान संच असा धरावा: एम-१९३६ पट्टा किंवा बंदुकीच्या काडतुसांचा पट्टा, एम-१९३६ खांदेपट्टे, पाण्याची बाटली आणि तिचे कव्हर, प्रथमोपचाराचा कप्पा, खणायचे हत्यार आणि एम-१९३६ म्युझेट पिशवी, म्हणजे सामानाची छोटी कॅनव्हास पिशवी. म्युझेट पिशवी विमानातून उडी मारताना पाठीवर नसे, तेथे छत्री असे. ती पुढे मांडीशी लोंबकळे. जमिनीवर उतरल्यावर ती पाठीवर घेत. म्हणून विमानाशेजारचे दृश्य उभे करायचे असेल तर पिशवीची जागा बदलते, याकडे लक्ष द्यावे. रिगर लोकांनी शिवलेल्या काडतुसांच्या छोट्या थैल्या पट्ट्यावर ओवल्या तर संच चटकन पॅराट्रूपरचा दिसू लागतो, कारण पायदळाकडे त्या नव्हत्या.

लहान वस्तूंत १०१व्या डिव्हिजनचे पितळी ‘क्रिकेट’ सर्वांना हवे असते. बर्मिंगहॅमच्या ॲक्मे कारखान्याने ते बनवले. अंधारात एकदा दाबले तर समोरच्याने दोनदा दाबून उत्तर द्यायचे. ते ८२व्या डिव्हिजनच्या सैनिकाच्या हातात देऊ नये. ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सार्वत्रिक आहे. उजव्या बाहीवर अमेरिकेचा झेंडा असेल तर त्यावर ४८ तारे मोजून घ्यावेत. ५० ताऱ्यांचा झेंडा ४ जुलै १९६० पासूनचा. डाव्या खांद्यावरच्या डिव्हिजनच्या बिल्ल्याची कड कापलेली असावी. गोठ घातल्यासारखी जाड कड अलीकडच्या यंत्राची असते, आणि जांभळ्या अतिनील दिव्याखाली दोरा चमकला तर तो कृत्रिम धाग्याचा आहे.

छत्रीची प्रतिकृती, म्हणजे पाठीवरची टी-५ आणि छातीवरची राखीव, हा शेवटचा आणि खर्चिक टप्पा. टी-५ ला एका झटक्यात सुटणारे बक्कल नव्हते, त्यामुळे उतरलेला सैनिक पट्ट्यांशी झटापट करीत असे आणि गळ्यापाशी चाकू ठेवण्याचे प्रयोजनही तेच. ही प्रतिकृती केवळ अंगावर बांधून दाखवण्यासाठी असते. जुनी असो वा नवी, शोभेची छत्री घेऊन कोणीही कोठूनही उडी मारू नये. जुन्या विमानांतून गोल छत्र्यांनी उड्या मारणारे प्रशिक्षित गट युरोप-अमेरिकेत आहेत, त्यांची सामग्री आणि शिस्त वेगळी असते.

ब्रिटिश बाजूला वळू पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात एवढेच की तेथे सारा भर डेनिसन स्मॉकवर असतो. रंगांचे फटकारे मारलेला सुती डगला, पुढे अर्धी चेन, मागून पायांमधून पुढे आणून बटणात अडकवायची शेपटी आणि आत लोकरी बॅटलड्रेस, म्हणजे ब्रिटिश सैनिकाचा नेहमीचा गणवेश. मार्केट गार्डनमधली, हॉलंडच्या आर्नहेम शहराची लढाई करणाऱ्याला तोच हवा. या स्मॉकची प्रतिकृती निवडताना रंगांच्या कडा पाहाव्यात. ब्रशचा फटकारा जेथे संपतो तेथे रंग विरळ होत गेलेला असावा, छापील नकाशासारखा कातरलेला नसावा.

कायदा आणि शहाणपण

भारतात राहून हा छंद करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. १९४४चा अमेरिकन खाकी सूट पाहून कोणी आपल्याला भारतीय जवान समजणार नाही हे खरे, पण ब्रिटिश पॅराट्रूपरची मरून बेरे टोपी आजही आपल्या पॅराशूट रेजिमेंटच्या डोक्यावर आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी तंगाईलला उतरलेल्या २ पॅरा (मराठा) बटालियनचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. ती टोपी घालून बाजारातून हिंडणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आणि औचित्याच्या दृष्टीने त्याहून वाईट. कार्यक्रमस्थळी जाऊन कपडे बदलावेत आणि तेथेच उतरवावेत. हा नियम परदेशातही पाळलेला बरा.

शस्त्रांच्या बाबतीत प्रत्येक देशाचा कायदा निराळा आहे. गळ्याच्या कप्प्यातला खटक्याचा चाकू ब्रिटनमध्ये जवळ बाळगणेही बेकायदा आहे. तेथे कप्पा रिकामा ठेवावा, चेन लावली की आत काय आहे ते दिसत नाही. गोळी न झाडणारी धातूची एम-१ गॅरंड रायफल किंवा घडीच्या दस्त्याची एम-१ए१ कार्बाइन घ्यायचीच असेल, तर गटाने सांगितलेल्या मार्गाने आणि सर्वांत शेवटी घ्यावी. भारतात टपालाने अशी प्रतिकृती मागवण्याच्या फंदात पडू नये. कपडे मागवताना सीमाशुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूक खर्चही धरून होते, हे हिशेबात घ्यावे. चार-पाच जणांनी मिळून एकदाच मागवले तर वाहतूक विभागली जाते, पण पार्सल एकाच्या नावावर येते आणि कागदपत्रे त्यालाच द्यावी लागतात.

पदके आणि हुद्दे यांच्यापासून दूर राहावे. नव्या माणसाने साधा शिपाई म्हणून उभे राहावे. जखमी सैनिकाला मिळणारे पर्पल हार्ट प्रतिकृतीच्या छातीवर लावणाऱ्याशी इतर मंडळी फारसे बोलत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

सर्व जमले की आरशासमोर उभे राहून जे १९४४ मध्ये नव्हते ते काढून टाकावे: स्मार्ट घड्याळ, मनगटावरचा दोरा, भिकबाळी, प्लास्टिक फ्रेमचा चष्मा. चष्मा लागत असेल तर धातूची गोल फ्रेम करून घ्यावी. साध्या दुकानात ती मिळते. दाढी गुळगुळीत, केस मागे आणि बाजूंनी बारीक. या सगळ्याला फारसा खर्च येत नाही, पण छायाचित्रात जॅकेटच्या आधी हेच डोळ्यात भरते.

देखभाल

सुती सूट थंड पाण्यात, उलटा करून, साध्या साबणाने हाताने धुवावा आणि उन्हात वाळवावा. ब्लीच किंवा घासकागदाने तो जुना करण्याची घाई करू नये, दोन-तीन कार्यक्रमांचा चिखल आणि ऊन ते काम आपोआप करतात. ठिगळांचे कॅनव्हास पहिल्या धुण्यात रंग सोडते, म्हणून ते शिवण्यापूर्वीच एकदा भिजवून घ्यावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुटांना आणि हेल्मेटच्या चामडी पट्टीला हमखास बुरशी येते. बूट कागद कोंबून, हवेशीर जागी, प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता ठेवावेत आणि महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. लोकरी शर्टाला कसर लागते. त्याच्या घडीत डांबरगोळ्या ठेवाव्यात, पण त्या रबरी गॅस मास्क पिशवीशेजारी ठेवू नयेत. पितळी बटणांवर हिरवट थर आला तर मऊ ब्रशने काढावा आणि बटणे उघडी ठेवून सूट टांगावा. महिनोन् महिने दाबून ठेवलेले बटण ओढून उघडताना कापडासकट निघते.